केमोथेरपीजन्य परिघीय चेताविकार

केमोथेरपीजन्य परिघीय चेताविकार म्हणजे कर्करोगावरील काही औषधांमुळे हातापायांकडे जाणाऱ्या चेतांना होणारी इजा होय. रुग्णालयांत व रुग्णांच्या बोलण्यात हा विकार ‘न्यूरोपॅथी’ या नावाने ओळखला जातो. हातापायांना मुंग्या येणे, तळवे बधिर होणे, आग होणे, बोटांनी बारीक वस्तू न धरता येणे आणि चालताना तोल जाणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. काही रुग्णांमध्ये उपचार संपल्यावर ही लक्षणे हळूहळू ओसरतात. काहींमध्ये ती अनेक वर्षे किंवा कायमची राहतात. कर्करोग बरा झाल्यानंतरही मागे उरणाऱ्या त्रासांमध्ये या विकाराचे स्थान महत्त्वाचे आहे. तो बाहेरून दिसत नाही. त्याचे मोजमाप मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून असते. त्यामुळे रुग्णाने तो वेळेवर सांगणे आणि डॉक्टरांनी तो विचारणे याला उपचारात निर्णायक महत्त्व आहे.

व्याप्ती

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणात ३१ अभ्यासांतील ४,१७९ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यानुसार केमोथेरपी संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात सुमारे ६८ टक्के, तीन महिन्यांनी ६० टक्के आणि सहा महिने वा त्याहून अधिक काळानंतर सुमारे ३० टक्के रुग्णांमध्ये हा विकार आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्णांचा त्रास कालांतराने कमी होतो. परंतु ज्यांचा राहतो त्यांची संख्याही लहान नाही. कर्करोगातून बऱ्या झालेल्या ५१२ स्त्रियांच्या एका अमेरिकी अभ्यासात (२०१७) उपचारानंतर सरासरी सुमारे सहा वर्षांनीही ४७ टक्के स्त्रियांना ही लक्षणे होती. लक्षणे असलेल्या स्त्रियांमध्ये पडण्याचा धोका इतरांच्या तुलनेत १.८ पट होता.

इतिहास

या विकाराचा इतिहास हा कर्करोगावरील प्रभावी औषधांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात अंगणोअंगणी दिसणारी सदाफुली ही मूळची मादागास्करची वनस्पती. तिच्या पानांचा मधुमेहावर उपयोग होतो का, हे पाहत असताना कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांना तिच्यातील एका द्रव्याने पांढऱ्या रक्तपेशी कमी होत असल्याचे आढळले. १९५८ मध्ये त्यांनी व्हिनब्लास्टिन या औषधाची माहिती प्रसिद्ध केली. त्याच वनस्पतीपासून मिळालेल्या व्हिनक्रिस्टिनला १९६३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत या औषधाने मोलाची भर घातली. चेतांना होणारी इजा हाच त्याची मात्रा वाढविण्यातील मुख्य अडसर ठरला.

पॅक्लिटॅक्सेल या औषधाच्या शोधाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. नंदुरबार येथे जन्मलेले व मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी (१९२५–२०२०) यांनी अमेरिकेत मनरो वॉल यांच्यासह पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीपासून हे द्रव्य वेगळे केले व १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये ते अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. पुढे स्तनाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगातही त्याचा व्यापक वापर सुरू झाला.

सिसप्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त औषधाचा पेशीविभाजन थांबविण्याचा गुण बार्नेट रोझेनबर्ग यांच्या १९६५ मधील प्रयोगांतून पुढे आला आणि १९७८ मध्ये ते अमेरिकेत मान्य झाले. वृषणाचा कर्करोग बहुतांशी बरा होऊ लागला, तो मुख्यतः याच औषधामुळे. रुग्ण दीर्घकाळ जगू लागल्यावर औषधांचे दीर्घकालीन परिणामही दिसू लागले आणि चेताविकार हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय बनला.

कारणीभूत औषधे

सर्वच कर्करोगविरोधी औषधांमुळे हा विकार होत नाही. तो पुढील गटांत विशेषत्वाने आढळतो.

प्लॅटिनमयुक्त औषधे : सिसप्लॅटिन व ऑक्झॅलिप्लॅटिन. कार्बोप्लॅटिनमुळे त्रास तुलनेने कमी होतो. सिसप्लॅटिनमुळे ऐकू कमी येणे व कानात सतत आवाज येणे असेही होऊ शकते.

टॅक्सेन गट : पॅक्लिटॅक्सेल व डोसिटॅक्सेल. यांपैकी पॅक्लिटॅक्सेलमुळे चेतांना अधिक इजा होते.

सदाफुलीजन्य औषधे : व्हिनक्रिस्टिन, व्हिनब्लास्टिन व व्हिनोरेल्बिन. व्हिनक्रिस्टिनमुळे संवेदनांबरोबर स्नायूही दुर्बल होतात. चालताना पाऊल वर न उचलले जाणे, जबडा दुखणे व तीव्र बद्धकोष्ठता ही त्याची वैशिष्ट्यपूर्ण लक्षणे आहेत.

मल्टिपल मायलोमावरील औषधे : बॉर्टेझोमिब व थॅलिडोमाइड.

मधुमेह, अतिमद्यपान, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा आधीपासून असलेला कोणताही चेताविकार यांमुळे धोका वाढतो. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये ब१२ कमी असण्याची शक्यता असते. म्हणून उपचारापूर्वी त्याची तपासणी उपयुक्त ठरते. शार्को-मारी-टूथ या आनुवंशिक चेताविकारात व्हिनक्रिस्टिन निषिद्ध मानले जाते, कारण अल्प मात्रेनेही गंभीर दुर्बलता येऊ शकते. इट्राकोनॅझोलसारख्या बुरशीविरोधी औषधांबरोबर दिल्यास व्हिनक्रिस्टिनची विषारता वाढते.

इजा होण्याची प्रक्रिया

पायाच्या अंगठ्याची संवेदना वाहून नेणारा चेतापेशीचा तंतू, म्हणजेच अक्षतंतू, कमरेपासून पायाच्या टोकापर्यंत सलग पसरलेला असतो. त्याची लांबी सुमारे एक मीटर असते. त्याचे पोषण करणारी पेशी मात्र मेरुरज्जूलगतच्या एका लहान गाठीत असते. पेशीत तयार झालेली द्रव्ये अक्षतंतूच्या टोकापर्यंत पोहोचविण्यासाठी आत सूक्ष्मनलिकांचे जाळे असते. पेशीविभाजनासाठीही याच सूक्ष्मनलिका लागतात. टॅक्सेन गटातील औषधे त्या नलिकांना गोठवून ठेवतात, तर सदाफुलीजन्य औषधे त्यांची बांधणीच होऊ देत नाहीत. दोन्ही प्रकारे कर्कपेशीचे विभाजन थांबते. पण त्याच क्रियेने चेतापेशीतील वाहतूकही खंडित होते. औषधाचा गुण आणि अपाय येथे एकाच मुळातून निघतात.

प्लॅटिनमयुक्त औषधे मेरुरज्जूलगतच्या गाठींतील पेशींच्या डीएनएला चिकटतात. मेंदूला रक्तातील घातक द्रव्यांपासून जसे संरक्षण असते तसे या गाठींना पुरेसे नसल्यामुळे औषध तेथे सहज पोहोचते. तंतुकणिकांचे कार्य बिघडणे आणि चेतापटलातून होणारी आयनांची ये-जा विस्कळीत होणे हीही कारणे आहेत. सर्वांत लांब चेतांना सर्वांत आधी इजा होते. म्हणून बधिरता पायाच्या बोटांपासून सुरू होऊन वर चढते व पुढे हाताच्या बोटांत येते. पायमोजे व हातमोजे घातल्यावर जेवढा भाग झाकला जाईल तेवढ्याच भागात ती पसरलेली असते.

लक्षणे

लक्षणे सामान्यतः दोन्ही बाजूंना सारखी असतात. त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

१. संवेदना कमी होणे : तळव्यांची बधिरता, उष्ण-शीत न कळणे, चप्पल पायातून निसटल्याचे ध्यानात न येणे.

२. संवेदना विकृत होणे : मुंग्या, झिणझिण्या, सुया टोचल्यासारखे वाटणे, तळपायांची आग, विजेचा झटका बसल्यासारखी कळ. त्रास बहुधा रात्री वाढतो. अंगावरच्या चादरीचा पायाला होणारा स्पर्शही काहींना सहन होत नाही.

३. अवयवांच्या स्थितीचे भान कमी होणे : पाय नेमका कोठे पडला हे न पाहता कळत नाही. अशा व्यक्तीचा तोल डोळ्यांच्या आधाराने टिकतो. त्यामुळे अंधारात चालताना किंवा तोंड धुताना डोळे मिटले की ती डगमगते.

४. स्नायूंची दुर्बलता व स्वायत्त चेतासंस्थेचे बिघाड : पकड सैल होणे, पाऊल घसटणे, बद्धकोष्ठता, उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येणे.

ऑक्झॅलिप्लॅटिनचा एक वेगळा, तात्कालिक परिणाम असतो. औषध दिल्यापासून काही तासांत किंवा दिवसांत थंड वस्तूला हात लावताच बोटांत झिणझिण्या येतात; थंड पाणी प्यायल्यास घशात आवळल्यासारखे वाटते. हा त्रास काही दिवसांत ओसरतो. मात्र मात्रा साठत गेल्यावर येणारी बधिरता निराळी असून ती टिकणारी असते.

प्लॅटिनमयुक्त औषधे थांबविल्यानंतरही काही महिने लक्षणे वाढत राहू शकतात. ‘उपचार संपले, तरी बधिरता वाढते आहे’ या अनुभवाने रुग्ण घाबरून जातात. ही वाढ औषधाच्या ज्ञात स्वरूपाचा भाग असू शकते आणि तिचा अर्थ कर्करोग परतला असा होत नाही. तथापि एकाच बाजूला आलेली दुर्बलता, पाठीत नवीन वेदना, लघवी-शौचावरील नियंत्रण जाणे ही लक्षणे या विकाराची नव्हेत. मेरुरज्जूवर दाब येत असल्याची ती खूण असू शकते आणि त्यासाठी तातडीने रुग्णालयात जावे लागते.

निदान

निदान प्रामुख्याने रुग्णाची हकिगत व साध्या तपासणीवर होते. नादकाट्याचे कंपन घोट्यावर जाणवते का, नायलॉनच्या बारीक तंतूचा स्पर्श कळतो का, घोट्यावर हातोडी मारल्यावर प्रतिक्षिप्त क्रिया होते का, हे पाहिले जाते. गरजेनुसार चेतासंवहन चाचणी करतात. परंतु ती मोठ्या चेतातंतूंचेच मापन करीत असल्याने वेदना वाहणाऱ्या बारीक तंतूंची इजा तिच्यात दिसत नाही. म्हणून चाचणी ‘नॉर्मल’ आली तरी रुग्णाचा त्रास खोटा ठरत नाही. ब१२, रक्तशर्करा व थायरॉइड यांच्या तपासण्या इतर कारणे वगळण्यासाठी केल्या जातात.

तीव्रतेची प्रतवारी दैनंदिन व्यवहारांवरून ठरते. लक्षणे आहेत पण कामे अडत नाहीत, तेव्हा त्रास सौम्य समजतात. स्वयंपाक, खरेदी, पैसे मोजणे अशी कामे अडू लागली की मध्यम. आणि अंघोळ, कपडे घालणे, जेवणे यांसाठी दुसऱ्याची मदत लागली की तीव्र. यामुळे ‘मुंग्या येतात’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत’, ‘सदऱ्याची गुंडी लागत नाही’ किंवा ‘जिना उतरताना कठडा धरावा लागतो’ असे सांगणे डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते.

प्रतिबंध

हा विकार निश्चितपणे टाळणारे कोणतेही औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी या संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रतिबंधासाठी कोणत्याही औषधाची शिफारस नाही. उलट अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन हे द्रव्य वापरू नये असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. टॅक्सेन घेणाऱ्या ४०९ स्त्रियांवरील चाचणीत त्याने चेताविकार वाढल्याचे दिसून आले होते. भारतात नसांच्या बळकटीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिश्र गोळ्यांत हा घटक असतो. ब६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्यास त्यानेही चेताविकार होतो. त्यामुळे अशा गोळ्या डॉक्टरांना दाखविल्याशिवाय घेणे धोक्याचे ठरते. पॅक्लिटॅक्सेल देताना हातापायांवर गोठविलेले मोजे घालण्याच्या पद्धतीचे काही लहान चाचण्यांत आशादायक परिणाम दिसले आहेत. ऑक्झॅलिप्लॅटिनच्या बाबतीत थंडी हेच त्रासाचे कारण असल्याने ती पद्धत तेथे लागू होत नाही.

खात्रीचा उपाय औषधाची मात्रा, कालावधी वा मार्ग बदलणे हाच आहे. याची दोन उदाहरणे महत्त्वाची आहेत. मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातील कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर ऑक्झॅलिप्लॅटिनयुक्त उपचार सहा महिने देण्याची प्रथा होती. सहा चाचण्यांतील १२,८३४ रुग्णांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. फोल्फॉक्स या उपचारपद्धतीत मध्यम वा त्याहून तीव्र चेताविकाराचे प्रमाण सहा महिन्यांच्या गटात ४७.७ टक्के, तर तीन महिन्यांच्या गटात १६.६ टक्के होते. कमी धोक्याच्या रुग्णांमध्ये, विशेषतः ऑक्झॅलिप्लॅटिनबरोबर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या असता, तीन महिन्यांचा उपचार जवळजवळ तितकाच परिणामकारक ठरला. दुसरे उदाहरण बॉर्टेझोमिबचे. २०११ मधील एका चाचणीत ते शिरेतून दिल्यास ५३ टक्के, तर त्वचेखाली टोचल्यास ३८ टक्के रुग्णांना चेताविकार झाला. औषधाचा गुण मात्र कमी झाला नाही.

असे बदल वेळेवर व्हायचे तर लक्षणे वेळेवर कळावी लागतात. अनेक रुग्ण ती सांगत नाहीत. मात्रा कमी केली तर कर्करोग परतेल ही भीती, ‘एवढे तर सोसावेच लागणार’ ही समजूत, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मिळणारा अपुरा वेळ ही त्यामागची कारणे होत. वस्तुतः मात्रा कमी करणे, डोस पुढे ढकलणे किंवा पर्यायी औषध देणे हा निर्णय कर्करोगाचा टप्पा व उपचाराचा हेतू यांचा विचार करूनच घेतला जातो, आणि लक्षणे लपविल्याने तो निर्णय घेण्याची संधी निघून जाते. रुग्णाने स्वतःहून उपचार थांबविणे मात्र तितकेच घातक आहे.

उपचार

इजा झालेल्या चेता पूर्ववत करणारे औषध उपलब्ध नाही. वेदना कमी करण्यासाठी वरील मार्गदर्शक सूचनांत केवळ ड्युलॉक्सेटिनची शिफारस आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या २३१ रुग्णांच्या चाचणीत या औषधाने ५९ टक्के रुग्णांची, तर औषध नसलेल्या तुलनात्मक गोळीने ३८ टक्के रुग्णांची वेदना काही अंशी कमी झाली. म्हणजे लाभ खरा असला तरी माफक आहे. तसेच तो प्रामुख्याने वेदनेपुरता असतो. मळमळ, थकवा व झोपेतील बदल हे त्याचे दुष्परिणाम आहेत. ते एकाएकी बंद करू नये. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये ते त्या औषधाच्या कार्यात अडथळा आणू शकते, म्हणून ही माहिती डॉक्टरांना देणे आवश्यक असते. गॅबापेंटिनचा व्यवहारात बराच वापर होतो. तथापि केमोथेरपीजन्य चेताविकारावरील ११५ रुग्णांच्या चाचणीत (२००७) त्याचा लाभ दिसला नाही.

व्यायाम व फिजिओथेरपी यांचे महत्त्व वाढत आहे. एका पायावर उभे राहणे, टाच-बोटे जुळवून चालणे, पोटऱ्यांचे स्नायू बळकट करणे अशा तोलाच्या व्यायामांनी चालण्यातील स्थैर्य सुधारू शकते. हे व्यायाम सुरुवातीला भिंतीजवळ वा कोणाच्या देखरेखीखाली करतात. हातांसाठी मऊ चेंडू दाबणे, धान्यातून वस्तू शोधून काढणे, दोरीच्या गाठी सोडविणे असे सराव व्यवसायोपचार तज्ज्ञ शिकवितात.

दैनंदिन जीवन

दीर्घकालीन विकारात बधिर अवयवाचे रक्षण हे रोजचे काम बनते. भारतीय घरांत अनवाणी वावरण्याची रीत असल्याने ठेच, काटा, काच यांचा धोका अधिक असतो. दुखणे हीच शरीराची सूचना असते. ती मिळत नसल्याने लहान जखम चिघळेपर्यंत कळत नाही. कुष्ठरोग व मधुमेह यांतील बधिर पायांसाठी भारतात रुजलेली पथ्ये येथेही लागू पडतात : रोज रात्री तळवे आरशात पाहणे किंवा घरच्यांकडून तपासून घेणे, घरातही मागे पट्टा असलेली मऊ पादत्राणे वापरणे, घालण्यापूर्वी ती झटकणे, नखे सरळ कापणे. सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे ‘एमसीआर’ चपला यासाठी उपयोगी असतात. अंगठ्याच्या आधाराने राहणारी सपाट चप्पल पायातून सुटते व अडखळविते. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना तळवे भाजल्याचे कळत नाही, म्हणून मोजे वापरावेत.

अंघोळीच्या पाण्याचे तापमान हाताच्या बोटांनी न पाहता कोपराने पाहावे. शेकण्याची पिशवी बधिर पायांवर ठेवू नये. स्वयंपाकघरात विळीऐवजी पकड असलेली सुरी, जाड मुठीची उलथनी व मोठी सांडशी वापरणे सुरक्षित असते. न्हाणीघरात आधाराची दांडी, रात्री मंद दिवा आणि जिन्याच्या कडांवर ठळक रंगाची पट्टी यांमुळे पडण्याचा धोका कमी होतो. ज्यांना ब्रेकवरील पायाचा दाब कळत नाही त्यांनी वाहन चालवू नये.

सामाजिक पैलू

शिंपी, सोनार, लेखनिक, वादक, परिचारिका, शेतमजूर अशा हातापायांच्या कौशल्यावर जगणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत हा विकार उपजीविकेचा प्रश्न होतो. सही बदलल्याने बँकेतील व्यवहार अडणे, सुट्टी नाणी खिशात ओळखता न येणे, नातवंडाला कडेवर घेण्याची भीती वाटणे अशा लहान लहान गोष्टींतून परावलंबन वाढते. केस पुन्हा येतात, वजन सुधारते आणि भोवतालचे लोक व्यक्ती पूर्ण बरी झाली असे धरून चालतात. अशा वेळी ‘जीव वाचला, मग आता तक्रार कसली’ ही प्रतिक्रिया रुग्णाला एकाकी करते. निद्रानाश, चिंता व नैराश्य यांचा या विकाराशी संबंध आढळतो.

भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत केमोथेरपीजन्य चेताविकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. कायद्यातील आरक्षणासारखे विशिष्ट लाभ मिळण्यासाठी नमूद प्रकारातील किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते.

चेतांची वाढ अतिशय मंद असते. म्हणून सुधारणा झाली तर ती महिन्यांत व वर्षांत मोजावी लागते. बधिरता कायम राहिलेल्या व्यक्तीही डोळ्यांचा आधार, सराव व साधनांतील बदल यांच्या बळावर बरीचशी कामे पुन्हा करू लागतात. कर्करोगोत्तर तपासणीत गाठ परतली का या प्रश्नाबरोबर ‘हातपाय कसे आहेत’ हा प्रश्न नियमित विचारला जावा, हे या विषयाच्या अभ्यासकांचे मुख्य प्रतिपादन आहे.